स्लॅबवरचं ऊन आणि कोटेशनमधली जाडी

अकोल्यात २३ मेच्या आसपास भर दुपारी उभ्या काठीची सावली पडत नाही. हौशी मंडळी गच्चीवर बाटल्या आणि पाइपचे तुकडे उभे करून हा शून्य सावलीचा दिवस साजरा करतात. मी पेशानं स्थापत्य अभियंता, त्यामुळे माझी नजर बाटलीपेक्षा तिच्याखालच्या गच्चीवर जाते. सूर्य बरोबर डोक्यावर आला की किरणं स्लॅबवर सरळ उतरतात. मे महिन्यात सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेकडून उगवतो आणि पश्चिमेच्या थोडा उत्तरेकडेच मावळतो, म्हणून ज्या दक्षिणेच्या भिंतीची आपण इतकी काळजी करतो तिला त्या दिवसांत ऊन नावापुरतंच लागतं. पूर्वेची भिंत सकाळी तापते, पश्चिमेची दुपारनंतर. स्लॅबला मात्र सकाळपासून दिवेलागणीपर्यंत सुटका नसते. वरच्या मजल्यावरचं घर थंड करायचं असेल तर पहिला रुपया स्लॅबवर खर्च करा, असं मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

येणारे पुष्कळ असतात. मार्च सरत आला की ऑफिसात एकच बोलणं सुरू होतं. "मॅडम, वरच्या खोलीत राहवत नाही जी." वरच्या खोलीत राहतं कोण, तर बहुतेक घरांत भाड्यानं राहणारी कॉलेजची मुलं, नाहीतर घरातली म्हातारी माणसं. दिवसा ती खाली येऊन बसतात, पण रात्री झोपायला वरच जावं लागतं, आणि नेमका तेव्हाच स्लॅब आग ओकत असतो. काँक्रीट दिवसभर उष्णता पिऊन ठेवतं आणि संध्याकाळपासून ती खाली सोडू लागतं. बाहेर वारा गार झालेला असतो, पण खोलीतला पंखा गरम हवाच फिरवत राहतो. उष्माघात दुपारी रस्त्यावरच होतो असा आपला समज आहे. पण रात्री शरीराला विसावा मिळाला नाही तर दुसऱ्या दिवसाचं ऊन अधिक जड जातं, आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाला तर फारच. म्हणून हा विषय मला आरामाचा वाटत नाही. तो प्रकृतीचा विषय आहे.

आपल्या आजोबांच्या घरांना हे दुखणं एवढं नव्हतं. वऱ्हाड-खानदेशात धाब्याची घरं होती. लाकडी सरे, त्यावर फळ्या किंवा काटक्या, आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. जाड मातीतून उष्णता खाली उतरेपर्यंत रात्र होऊन जायची, आणि झोपायला तर सगळं घर धाब्यावरच असायचं. त्या जागी आपण पाच इंचांचा काँक्रीटचा स्लॅब आणला. तो मजबूत आहे, गळत नाही, वर मजला चढवता येतो. उष्णता अडवण्याचं काम मात्र त्याला जमत नाही.

उष्णता अडते कशानं? स्थिर हवेनं. थर्माकोल, फोम, ग्लासवूल, रॉकवूल या सगळ्यांची करामत एकच, ती म्हणजे बारीक बारीक कप्प्यांत हवा कोंडून ठेवणं. गोधडी स्वतः गरम नसते, आपल्या अंगाची ऊब ती बाहेर जाऊ देत नाही. इन्सुलेशनही स्वतः काही थंड करत नाही, उन्हाची वाट तेवढी अडवतं. कोणता माल किती अडवतो हे त्याच्या के-व्हॅल्यूवरून कळतं. के जितका कमी तितका माल चांगला. काँक्रीटचा के सुमारे १.६, विटांचा आणि कोब्याचा ०.८ च्या आसपास. थर्माकोल, म्हणजे ईपीएस, ०.०३५ ते ०.०४. त्याचाच घट्ट भाऊ एक्सपीएस सुमारे ०.०३. पॉलीयुरेथेन फोम, ज्याला बाजारात सगळे पफ म्हणतात, तो ०.०२५ च्या जवळपास. मालाची जाडी मीटरमध्ये घेऊन केनं भागली की त्या थराचा अडथळा मिळतो, तो आर. आता ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच एक्सपीएसचा हिशोब करून बघा. तेवढाच अडथळा नुसत्या काँक्रीटनं उभा करायचा तर स्लॅब अडीच मीटरहून जाड ओतावा लागेल! माणसापेक्षा उंच स्लॅब. हा आकडा मी लोकांना मुद्दाम सांगते, कारण "आमचा स्लॅब सहा इंची आहे, वर कोबाही आहे" हे वाक्य मला फार ऐकावं लागतं.

सगळ्या थरांचे अडथळे मिळवून, त्यात छताच्या वर आणि खाली चिकटून असलेल्या हवेचा अडथळा धरून, जो एक आकडा निघतो तो यू-व्हॅल्यू. आत आणि बाहेर एक अंशाचा फरक असताना एक चौरस मीटर छतातून किती वॅट उष्णता आत येते, हे तो सांगतो. पाच इंची स्लॅब आणि वर चार इंचांचा विटांचा कोबा, हे आपल्याकडचं नेहमीचं छत. त्याचा यू सुमारे २.३ येतो. त्यावर एक्सपीएसचा २५ मिलिमीटरचा थर आला की तो ०.८ वर उतरतो. ५० मिलिमीटरला ०.५ च्या खाली, ७५ ला साधारण ०.३५. म्हणजे पहिल्या इंचानं निम्म्याहून जास्त काम केलं, दुसऱ्यानं थोडं, आणि तिसऱ्या इंचाचा खर्च अकोल्याच्या घराला फारसा फेडता येत नाही. केंद्र सरकारच्या इको निवास संहितेत, २०१८ साली, घराच्या छताचा यू १.२ पेक्षा जास्त नसावा असं ठरवून दिलेलं आहे. पण ती संहिता ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटवरच्या बांधकामांसाठी आहे. तुमच्या-माझ्या पंधराशे-दोन हजार फुटांच्या प्लॉटकडे बघणारं कोणी नाही. तिथं आपणच बघायचं.

वॅटमध्ये सांगायचं तर पन्नास चौरस मीटरची, म्हणजे साडेपाचशे फुटांच्या आसपासची गच्ची घ्या. मेच्या दुपारी तिचा पृष्ठभाग साठीच्या घरात गेलेला असतो आणि खोली बत्तिसावर ठेवायची असते. फरक अठ्ठावीस अंशांचा. जुन्या छतातून तीन किलोवॅटहून अधिक उष्णता खाली येऊ पाहते, आणि एक टनाचा एसी काढून टाकतो ती साडेतीन किलोवॅट. म्हणजे जवळपास एक एसी नुसत्या छताशीच झुंजत राहणार. ५० मिलिमीटर इन्सुलेशननंतर हीच उष्णता सातशे वॅटच्या आत येते. हिशोब ढोबळ आहे, स्लॅबच्या वजनामुळे ही उष्णता लगेच खाली न येता संध्याकाळी येते, पण येते एवढी.

आता ठेकेदाराकडे वळते, कारण खरी फसगत इथेच होते. गेल्या हिवाळ्यात गोरक्षण रोडवरचे एक निवृत्त शिक्षक तीन कोटेशन घेऊन आले. आम्ही सगळे त्यांना सरच म्हणतो. वरच्या खोलीत त्यांच्या आई झोपतात. तिन्ही कागदांवर प्रति चौरस फूट दर होता आणि सरांनी सर्वांत कमी दराभोवती पेन्सिलीनं गोल केला होता. मी म्हटलं, "सर, ही तीन दुकानांतली एकच वस्तू नाही. ही तीन वेगवेगळी कामं आहेत."

पहिल्या कागदावर होतं, 'हीट प्रूफिंग, पांढरा कोट, दोन हात'. हा रंग आहे. तो ऊन परत फेकतो, आलेली उष्णता अडवत नाही. तरी पांढऱ्या रंगाला मी कमी लेखत नाही. अहमदाबादनं २०१३ पासून उष्णतेचा कृती आराखडा राबवला आणि पुढे झोपडवस्त्यांची छतं पांढरी करायला घेतली. तेलंगणानं २०२३ मध्ये शीतल छतांचं स्वतंत्र धोरणच आणलं. पत्र्याच्या घरात, हाती पैसा थोडा असेल तर, पांढरा रंग किंवा नुसता चुनासुद्धा सर्वांत आधी करण्याचं काम. अट एकच, तो पांढरा राहायला हवा. आपल्याकडे एप्रिल-मेमधल्या वावटळींनी गच्चीवर मातीचा थर बसतो आणि रंगाचा गुण तिथंच झाकला जातो. उन्हाळ्यात गच्ची अधूनमधून झाडून धुवायला लागते. आणि एक विनंती. पत्रे जुने, सिमेंटचे असतील तर ते कोरडे घासू नका, त्यांना भोकं पाडू नका. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतो आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली की कायमची बसते.

दुसऱ्या कागदावर होतं, 'इम्पोर्टेड थर्मल इन्सुलेशन शीट, टाइल्सखाली'. नमुना मागवला. चंदेरी कागद लावलेली, बुडबुड्यांची चार मिलिमीटर जाड शीट. या चंदेरी शीटबद्दल इतका गैरसमज आहे की थोडं थांबून सांगते. चकचकीत पृष्ठभाग उष्णतेचं प्रारण परतवतो, हे खरं. पण प्रारणाला मोकळी जागा लागते. शीटच्या चकचकीत बाजूसमोर निदान इंचभर हवा असेल तरच ती काम करते. पत्र्याखाली, फॉल्स सीलिंगच्या वर, चकचकीत बाजू खाली करून लावली तर ती उत्तम काम करते, आणि तोंड खाली असल्यानं धूळही बसत नाही. तीच शीट मसाल्यात दाबून वर टाइल बसवली की उष्णता सरळ मसाल्यातून शीटमध्ये आणि शीटमधून स्लॅबमध्ये शिरते. उरला चार मिलिमीटर हवेचा अडथळा. त्यासाठी सर चौरस फुटाला चांगले पैसे मोजणार होते.

तिसऱ्या कागदावर होतं, 'एक्सपीएस ५० एमएम'. दर सर्वांत जास्त, आणि कागदही सर्वांत आखूड. कोणत्या डेन्सिटीचा, वॉटरप्रूफिंग बोर्डाच्या वर की खाली, जुन्या कोब्याचं काय करणार, काहीच नाही. तरी जाडी लिहिलेली होती, म्हणून त्याच ठेकेदाराला बोलावलं.

जाडी लिहिलेली असणं एवढं महत्त्वाचं का? माझा चुलतभाऊ न्यू जर्सीत राहतो. तिथं घरं लाकडी असतात, आणि अटिकमध्ये, म्हणजे माळ्यावर, फायबरग्लास किंवा कागदाच्या लगद्याचं इन्सुलेशन फूटभर जाड भरतात, ते थंडीसाठी. त्यांच्याकडे फेडरल ट्रेड कमिशननं १९७९ साली नियम केला की इन्सुलेशन बसवणाऱ्यानं ग्राहकाला किती क्षेत्रफळावर, किती जाडीचा, किती आर-व्हॅल्यूचा माल घातला हे लेखी द्यायचं. आपल्याकडे छोट्या घरांसाठी अशी सक्ती नाही. पण लेखी मागायला आपल्याला कुणी अडवलेलंही नाही. (माहितीपत्रकात आर-१० वगैरे दिसलं तर तो बहुधा अमेरिकी मापातला आकडा असतो, ५.६८ नं भागला की आपल्या मापातला आर मिळतो.)

ठेकेदार तरुण होता, बोलायला मोकळा. मी विचारलं, माल कोणत्या डेन्सिटीचा? "बत्तीसचा, मॅडम." म्हणजे एका घनमीटरला बत्तीस किलो. पुढच्या आठवड्यात बोर्ड आले तेव्हा सरांना म्हटलं, शेजारच्या किराणा दुकानात एक बोर्ड वजनाला लावू. १२५० बाय ६०० मिलिमीटरचा, ५० मिलिमीटर जाडीचा बोर्ड. बत्तीसच्या डेन्सिटीनं त्याचं वजन १ किलो २०० ग्रॅम भरायला हवं. दुकानदारानं तूरडाळीचं पोतं सरकवून जागा करून दिली. काट्यावर आले ९०० ग्रॅमच्या आसपास. दुसरा बोर्ड ठेवला, तोही तसाच. टेपनं जाडी मोजली, ती बरोबर होती. म्हणजे माल हलका होता. हलका बोर्ड उष्णता बऱ्यापैकी अडवेलही, पण त्यावर कोबा येणार, माणसं चालणार, पापड-कुरडया वाळवायला बायका बसणार. वजनाखाली तो दबतो, वरचा थर फुटतो आणि भेगांतून पाणी शिरतं. ठेकेदारानं वाद घातला नाही. गाडी परत नेली, पुरवठादाराशी भांडला, आणि तीन दिवसांनी आलेले बोर्ड सव्वा किलोला टेकले. कुठलंही यंत्र लागलं नाही. किराणा काटा आणि एक गुणाकार पुरला.

पफचा स्प्रे मारणार असाल तर वजनाच्या जागी जाडी तपासा. स्प्रे हातानं मारतात, त्यामुळे कुठे दोन इंच बसतो, कुठे अर्धा. बारीक तारेवर ५० मिलिमीटरची खूण करून ती दहा-बारा ठिकाणी टोचायची, विशेषतः कोपऱ्यांत आणि पाण्याच्या टाकीमागे, जिथं कारागिराचा हात नीट पोचत नाही. पफ उघडा ठेवायचा नाही. उन्हानं तो पिवळा पडतो आणि भुगा होऊन उडू लागतो.

सरांच्या गच्चीचं खरं दुखणं जुना कोबा हे होतं. मिस्त्रीला हातोडीचा दांडा दिला आणि चौकाचौकानं ठोकत जायला सांगितलं. अर्ध्या जागी पोकळ आवाज आला. अशा कोब्याखाली पावसाचं पाणी साठून राहतं. त्यावरच बोर्ड टाका, असं सरांना दोघांनी सुचवलं होतं, कारण कोबा फोडायची मजुरी वाचते. पण स्लॅबला वजन असतं आणि त्या वजनाला हिशोब असतो. चार इंचांचा कोबा चौरस मीटरला पावणेदोनशे ते दोनशे किलो भरतो. त्यावर पुन्हा दोन इंच काँक्रीट म्हणजे आणखी एकशेवीस किलो. चाळीस वर्षांपूर्वीचा स्लॅब, सळई किती गंजली हे दिसत नाही, वर पाण्याची टाकी आणि सोलर हीटर. मी परवानगी दिली नाही. बोर्ड स्वतः पिसासारखा हलका असतो, चौरस मीटरला दीड-दोन किलो. भार असतो तो त्यावरच्या काँक्रीटचा. कोबा काढला, मलबा पोत्यांतून खाली उतरवला, आणि उताराचा थर आणि वरचा थर धरून नवं वजन जवळपास जुन्याइतकंच ठेवलं. जुन्या घरात हा हिशोब अभियंत्याकडून करवून घ्या. त्याची फी स्लॅबपेक्षा स्वस्त असते.

कोबा काढला नाही तर उंचीचाही घोळ होतो. गच्ची चार-पाच इंच वर आली की कठडा तेवढाच बुटका होतो. तीन फुटांचा कठडा अडीच फुटांवर येतो, आणि सुट्टीत गच्चीवर नातवंडं खेळतात. जिन्याच्या दाराचा उंबरठाही बुडतो, मग पहिल्याच मोठ्या पावसात पाणी जिन्यावरून घरात. पावसाच्या पाइपांची तोंडं खाली राहतात ती वेगळीच. एकाही कोटेशनमध्ये या गोष्टींचा उल्लेख नसतो.

थरांचा क्रम आम्ही असा ठेवला. स्लॅब साफ, भेगा भरून घेतल्या. त्यावर शंभराला एक असा उतार देणारा थर, कठड्याच्या कडेनं गोलाई. मग वॉटरप्रूफिंग, कठड्यावर फूटभर चढवून. मग पाइपांची तोंडं बंद करून गच्चीत पाणी साठवलं आणि अठ्ठेचाळीस तास ठेवलं. आईंच्या खोलीत छताला एक ओला डाग उमटला, टाकीच्या पायाजवळ. तो दुरुस्त करून पुन्हा पाणी भरलं. या चाचणीला ठेकेदार नेहमी टाळाटाळ करतात, कारण मजूर रिकामे बसतात. पण बोर्ड आणि काँक्रीट चढल्यावर गळती शोधणं म्हणजे सगळं पुन्हा फोडणं. पाणी टिकलं तेव्हाच बोर्ड टाकले, विटांसारखे सांधे चुकवून, कडा एकमेकांवर बसणारे. त्यावर जिओटेक्स्टाइलचं कापड, मग चिकन मेश घालून दोन इंच काँक्रीट, मधे सांधे ठेवून, आणि शेवटी पांढऱ्या टाइल्स. इन्सुलेशनही झालं आणि पांढरं छतही.

वॉटरप्रूफिंग बोर्डाखाली गेल्याचा आणखी एक फायदा. ते स्वतः उन्हापासून झाकलं जातं, त्यामुळे जास्त टिकतं. एक्सपीएस पाणी फार थोडं पितो म्हणून तो वर चालतो. साधा थर्माकोल किंवा ग्लासवूल तिथं चालणार नाही, कारण भिजलेलं इन्सुलेशन उष्णता अडवत नाही. आणि बोर्ड चिकटवायला मिस्त्रीनं पेट्रोलमध्ये कालवलेलं डांबर किंवा थिनरचं चिकट आणलं तर हात धरा. थर्माकोल असो की एक्सपीएस, पेट्रोलनं विरघळतो.

पैशांचा करार मी साध्या कागदावर करून घेतला. माल आल्यावर आणि वजन पटल्यावर पहिला हप्ता. पाण्याची चाचणी झाल्यावर दुसरा. बोर्ड अंथरून झाल्यावर, काँक्रीट टाकण्याआधी, टेप लावून काढलेल्या फोटोंवर तिसरा. टाइल्स झाल्यावर चौथा. दहा टक्के पहिला पावसाळा उलटेपर्यंत राखून. मोजमाप प्रत्यक्ष टेपनं, कठड्यावरचं उभं काम रनिंग फुटात वेगळं. ठेकेदार आधी कुरकुरला, मग सही केली. दहा वर्षांची गॅरंटी तोंडी सगळेच देतात. ती कोण देतंय, कंपनी की बसवणारा, आणि गळतीची आहे की उष्णतेची, हे कागदावर आलं की बहुतेकांची दहाची पाच होते. ती पाच खरी धरावी.

फ्लॅटवाल्यांचं वेगळं आहे. वरची गच्ची सोसायटीची, म्हणून वरून काम करायला सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. तो घ्यायचा प्रयत्न जरूर करा, कारण आतून फॉल्स सीलिंग आणि वर रॉकवूल हा उपाय दुसऱ्या क्रमांकाचा आहे. स्लॅब तापतच राहतो, फक्त तुमच्यापासून दूर होतो. आत करायचंच तर न जळणारा माल घ्या. थर्माकोल, एक्सपीएस, पफ हे सगळे पेट घेतात. काँक्रीटखाली दाबलेले असताना धोका कमी, खोलीत उघडे असताना फार.

या मेमध्ये सरांकडे संध्याकाळी सहाला इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन गेले. आदल्या उन्हाळ्यात त्यांनी मोजलं तेव्हा छताची खालची बाजू ४३ अंश होती, आता ३५. आई वरच झोपतात. कूलर लागतोच, पंचेचाळीस अंशांच्या गावात तो लागणारच, पण तो आता खोलीला पुरतो. सरांना एकच सवय नव्यानं लावावी लागली. छत आता दोन्ही दिशांनी उष्णता अडवतं, म्हणजे आत साठलेलीही. रात्री दहानंतर खिडक्या सताड उघडायच्या, पहाटेपर्यंत स्लॅबला आतून गार होऊ द्यायचं, आणि सकाळी आठच्या आत पडदे ओढून घ्यायचे. दिवसभर उघड्या ठेवलेल्या खिडकीपुढे दोन इंच एक्सपीएसचं काही चालत नाही.

अशी कामं दिवाळीनंतर काढावीत आणि फेब्रुवारीत संपवावीत. एप्रिलात काढलं तर काँक्रीटला पाणी मारता मारता दमायला होतं, ते भेगाळतं, आणि चांगले कारागीर तोवर गुंतलेले असतात. छतावर सोलर पॅनल घ्यायचे असतील तर तेही यानंतरच, कारण स्टँडचे पाय एकदा रोवले की खालचं वॉटरप्रूफिंग पुन्हा नीट होत नाही. सरांनी राखलेले दहा टक्के सप्टेंबरात दिले, छत कोरडं राहिल्यावर. आता त्यांच्या पश्चिमेच्या खिडकीला छज्जा घालायचा आहे. तिथून दुपारचं ऊन थेट आईंच्या पलंगावर येतं. त्याचं कोटेशन आलंय, आणि त्यात छज्जा भिंतीपासून किती पुढे येणार हेच लिहिलेलं नाही. ते लिहून आणायला परत पाठवलं आहे.